अंगठ्याखालचं छिद्र

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लांबलचक बोळाच्या शेवटी, एक जाडजूड दार आहे. त्या दारामागे गेली सत्तावीस वर्षं एक माणूस लोकांना श्वास घ्यायला लावतो, रोखायला लावतो आणि सोडायला लावतो. एक्सरे काढणं हे त्याचं काम. कागदोपत्री नाव काहीही असो, वॉर्डातल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला श्वासभाऊ म्हणतात. वय बावन्न, डोक्यावर केस कमी, पोट जरा पुढे, आणि चालणं असं की जणू पायात स्प्रिंगा बसवल्यात. एरवीही तो भराभराच चालायचा, पण ज्या आठवड्याची ही गोष्ट आहे त्या आठवड्यात तो चालतच नव्हता, तरंगत होता.

कारण एक कॅमेरा येणार होता.

हा कॅमेरा तो घेणार होता असं मात्र नाही. त्याच्याकडे अकरा वर्षांपूर्वीचा एक कॅमेरा होता, पट्टा तुटलेला, तो प्लास्टरच्या चिकटपट्टीने जोडलेला, आणि त्यातून गच्चीवरच्या चिमण्या नि शेजारणीचं मांजर झकास यायचं. त्याच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी एकदा सरळच विचारलं होतं, "घेणार का तुम्ही तो नवा?"

"छे हो बाई!" श्वासभाऊ म्हणाला. "आधी येऊ तर द्या!"

डॉक्टरीणबाईंना हे उत्तर काही कळलं नाही. पण श्वासभाऊच्या घरी ते दोघांना पक्कं कळत होतं. एक तो स्वतः, आणि दुसऱ्या त्याच्या सासूबाई.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेली. सहा वर्षांपूर्वी सासरे गेले आणि लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. आल्या त्या एक बॅग आणि फोटोंचे चार अल्बम घेऊन, आणि मग बोलायच्याच बंद झाल्या. जेवायला बोलावलं की जेवायच्या, विचारलं तर हो-नाही म्हणायच्या, बाकी खिडकीशी बसून राहायच्या. श्वासभाऊची बायको शाळेत गणित शिकवायची. तिने आईला बोलतं करायला नाना उपाय केले. हाती काही लागलं नाही.

असेच चार महिने गेले. एका सकाळी चहाच्या वेळी श्वासभाऊ नेहमीप्रमाणे बायकोला मोबाइलवरून वाचून दाखवत होता. बायको नेहमीप्रमाणे ऐकत नव्हती. बातमी अशी होती की एका कंपनीचा नवा कॅमेरा येतोय, फुल-फ्रेम, म्हणजे ज्याच्या आतला सेन्सर जुन्या रिळावरच्या एका चौकटीएवढा ऐसपैस असतो. पण त्यात म्हणे फोटो साठवायच्या एका कार्डालाच जागा असणार. "लोक खवळलेत," श्वासभाऊ म्हणाला, आणि टोस्ट उचलायला वाकला.

"मग?" खिडकीजवळून आवाज आला. "पुढे काय झालं?"

टोस्ट चहात पडला. त्या दिवसापासून गाडी जी सुटली ती सुटलीच. रोज सकाळी "मग? पुढे?" आणि रोज सकाळी श्वासभाऊकडे नवी अफवा. सासूबाईंनी आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली होती, त्यातलं खरं किती नि फुगवलेलं किती हे त्या आवाजावरून ओळखायच्या. लेन्स म्हणजे काय, शटर म्हणजे काय, सगळं त्या सहा महिन्यांत शिकल्या. "हा जो लिहितोय ना 'अगदी आतल्या गोटातून'," त्या म्हणायच्या, "याला गोट म्हणजे काय तेही ठाऊक नाही. सोडून द्या याला."

श्वासभाऊ कॅमेऱ्याच्या वेडापायी एका ऑनलाइन गटात होता. तिथे त्याचं नाव 'एक्सरे'. गटात दोन-अडीच हजार माणसं आणि त्यांचा एक पंडित. हा पंडित सर्वज्ञ. प्रत्येक नव्या कॅमेऱ्याआधी गटात अंदाजांची स्पर्धा लागायची: दहा ओळी, दहा अंदाज, ज्याचे सर्वांत जास्त बरोबर त्याच्या नावापुढे वर्षभर 'त्रिकालज्ञ' अशी पाटी. बक्षीस वगैरे काही नाही, नुसती पाटी. पण त्या पाटीसाठी माणसं जेवण विसरायची. गेली तीन वर्षं ती पंडिताच्या नावापुढून हलली नव्हती.

तर त्या आठवड्यात, सोमवारी, गटात एक फोटो फुटला.

फोटो कसला, डाग होता तो. कुणीतरी कुठल्याशा हॉटेलात टेबलाखालून चोरून काढलेला. कुणाच्या तरी मांडीवर फडक्याखाली अर्धवट झाकलेली काळी वस्तू. काळ्या पँटवर काळा कॅमेरा, तोही हललेला. गटात हलकल्लोळ माजला. एक म्हणे हाच तो, दुसरा म्हणे ही तर चष्म्याची पेटी, तिसऱ्याने त्यावर लाल बाण काढून पाठवले.

श्वासभाऊने मात्र तो फोटो संगणकावर घेतला आणि उलटा केला, म्हणजे काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. झालं! आता तो त्याच्या हद्दीत आला. सत्तावीस वर्षं अशाच करड्या ढगांतून त्याने मोडलेल्या फासळ्या ओळखल्या होत्या. नोकरीला लागला तेव्हा तो डार्करूममध्ये लाल दिव्याखाली ओल्या फिल्म चिमट्याला लावायचा, तेव्हापासूनची ती नजर.

"आई, या! या लवकर!"

सासूबाई चष्मा शोधत आल्या. दोघं पडद्याला नाक लावून बसले.

"ही बघा बरगडी," श्वासभाऊ म्हणाला. "म्हणजे कार्डाच्या कप्प्याचं दार. केवढं लांब आहे! एका कार्डाला एवढं दार कशाला? दोन कार्डं! आणि हा इथे मधोमध उंचवटा. म्हणजे डोळा लावायची खिडकी मधेच. आणि आई, हे बघा, बाजूला बारीक रेघा. एक, दोन, तीन, चार. या कसल्या?"

"जाळी दिसतेय."

"जाळी! म्हणजे वारा! म्हणजे आत पंखा!" श्वासभाऊ उठून उभाच राहिला. "आई, पंखा आहे यात! कॅमेरा तापू नये म्हणून! अजून कुणालाच कळलेलं नाही!"

स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, हळू! खालच्या मजल्यावर ऐकू जाईल."

"जाऊ दे! त्यांनाही कळू दे!"

सासूबाई मात्र अजून पडद्यातच होत्या. "जावईबापू, हे काय?"

पाठीच्या बाजूला, अंगठा जिथे टेकतो त्याच्या जरा खाली, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. उलट्या फोटोत पांढरा.

"धूळ असेल," श्वासभाऊ म्हणाला.

"धूळ इतकी गोल नसते. भोक आहे ते. आणि त्याच्यामागे माइक आहे."

"आई, माइक पुढच्या बाजूला असतात. व्हिडिओसाठी."

"पुढच्या बाजूला जगाचा आवाज ऐकायला. हा मागे आहे. म्हणजे फोटो काढणाऱ्याचं ऐकायला." सासूबाईंनी हाताची मूठ करून तोंडाशी धरली. "कॅमेरा खाली घेतला की तोंड बरोबर इथे येतं. माणूस कसं धरेल तसं भोक पाडतात. एकतीस वर्षं माउथपीस तोंडाशी धरलाय मी. फोटो काढायचा, आणि त्याच्याबद्दल दोन शब्द बोलून ठेवायचे, त्यासाठी आहे हे."

श्वासभाऊला हसूच फुटलं. "अहो आई, फोटो बघायचा असतो!"

"असं?" सासूबाई आत गेल्या आणि अल्बम घेऊन आल्या. एक पान उघडून त्यांनी त्याच्यासमोर ठेवलं. नदीकाठी सात माणसं, हसणारी. "हे तुमचे सासरे. ही मी. बाकीचे पाच कोण?"

"कोण?"

"मला काय ठाऊक? त्यांना ठाऊक होतं. मागे काही लिहिलं नाही त्यांनी. लिहायचा कंटाळा. बोलले असते मात्र तासभर."

श्वासभाऊने अल्बम मिटून बाजूला ठेवला. पण अंदाज लिहायला बसला तेव्हा नऊ ओळी झाल्यावर तो थबकला. यंदा पाटी मिळेल असं त्याला पहिल्यांदाच वाटत होतं. पंखा तर फक्त त्यालाच दिसला होता. अशात दहावी ओळ बोलक्या फोटोवर वाया घालवायची म्हणजे हसं करून घेणं.

"दहावं माझं घालताय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"बघतो," तो म्हणाला. आणि 'बघतो' म्हणजे काय हे एकतीस वर्षं फोनवर बसलेल्या बाईला कळणार नाही होय?

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी "मग? पुढे?" आलं नाही. बुधवारी आलं नाही. गुरुवारी श्वासभाऊने आपण होऊन बातमी सांगितली, की त्याने गटात पंख्याबद्दल लिहिलं आणि पंडिताने तो निव्वळ हास्यास्पद प्रकार ठरवलाय. सासूबाई "हं" म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. श्वासभाऊला फक्त त्यांची पाठ दिसत होती. ती पाठ त्याने चार महिने पाहिली होती. पुन्हा पाहायची नव्हती.

अंदाज देण्याची मुदत शुक्रवारी दुपारी बाराची. आणि शुक्रवारी नेमकी एक्सरेला ही रांग! बाराला चार मिनिटं कमी असताना आत आला एक ट्रकचालक. दारात मावणार नाही असा आडवातिडवा गडी, खोकत होता. श्वासभाऊने त्याला यंत्रापुढे छाती टेकवून उभं केलं, खांदे पुढे घ्यायला लावले आणि स्वतः काचेमागच्या खोलीत आला.

"मोठा श्वास घ्या… रोखून धरा… हलू नका…"

बटण दाबलं. एक्सरे निघाला. समोर घड्याळ, बाराला दोन मिनिटं. मोबाइल टेबलावर, नऊ ओळी भरलेल्या. दहावी रिकामी. त्याच्या डोळ्यांपुढे ती पाठ आली. त्याने मोबाइल उचलला आणि दोन्ही अंगठ्यांनी टाइप केलं: 'मागच्या छिद्रात बोलता येणार. प्रत्येक फोटोबरोबर काढणाऱ्याचा आवाज ठेवता येणार.' एकदा वाचलं. एका शब्दाचा काना चुकला होता, तो दुरुस्त केला. पाठवलं. आणि एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू, की तो खुर्चीतल्या खुर्चीत गर्रकन एक गिरकी घेऊन आला.

गिरकी संपली तेव्हा त्याचं तोंड काचेकडे होतं. काचेपलीकडे ट्रकचालक अजून यंत्राला छाती लावून, गाल फुगवून, वांग्यासारखा जांभळा होऊन उभा होता.

"सोडा!" श्वासभाऊ किंचाळला. "सोडा, सोडा, श्वास सोडा!"

फुसकन वारा सुटला. ट्रकचालक भिंतीला टेकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "साहेब, एक्सरे काढत होतात का पाण्यात बुडवून बघत होतात?"

श्वासभाऊने त्याची सात वेळा माफी मागितली, पाणी दिलं, खुर्ची दिली. पठ्ठ्या शेवटी हसायला लागला. "चला, एवढा वेळ दम धरता आला, म्हणजे फुप्फुस ठीक असणार," म्हणाला. आणि खरंच ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे पाहून सांगितलं, नुसता सर्दीचा खोकला.

संध्याकाळी घरी येऊन श्वासभाऊने मोबाइल सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी दहावी ओळ वाचली. चहात त्या दिवशी दोन चमचे साखर जास्त पडली होती, आणि चहा त्यांनीच केला होता.

शनिवारी दुपारी दोनला कॅमेरा जाहीर होणार होता. कंपनीचा कार्यक्रम इंटरनेटवर थेट दिसणार. बायकोची शाळा अर्धा दिवस, तीही घरी. "मला त्यात काडीचा रस नाही," असं तीनदा सांगून ती लॅपटॉपसमोर मधल्या खुर्चीत येऊन बसली, हातात लाल पेन आणि दहा अंदाज लिहिलेला कागद. "तपासायचंच आहे तर नीट तपासू. अर्धे गुण मिळणार नाहीत. आधीच सांगते."

पडद्यावर काळ्या कपड्यांतला एक गृहस्थ आला आणि त्याने कॅमेऱ्यावरचं फडकं काढलं. तिघांच्याही तोंडून एकदम "आहा!" निघालं. बायकोच्याही. ती नंतर नाही म्हणाली, पण निघालं.

दोन कार्डं! बरोबर. लाल खूण. डोळ्याची खिडकी मधोमध! बरोबर. मागचा पडदा दोन्हीकडे वळणारा! बॅटरी जुनीच चालणार! श्वासभाऊ खुर्चीवर बसेना. तो खुर्चीच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि सासूबाई टेबलावर मूठ आपटत होत्या. "पुढे! पुढे!"

"चव्वेचाळीस पूर्णांक सहा मेगापिक्सेल," पडद्यावरचा म्हणाला.

"तुम्ही पंचेचाळीस लिहिलंय. चूक," बायको म्हणाली.

"अगं चूक कशी? जवळच्या पूर्णांकात मांड ना! वर्गात तूच शिकवतेस!"

बायकोने पेन हवेतच थांबवलं. वीस वर्षांची नोकरी पणाला लागली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नाइलाजाने खूण केली. "पण हे शेवटचं."

मग त्या गृहस्थाने कॅमेऱ्याची बाजू दाखवायला तो वळवला, आणि नेमका पडदा गोठला. गृहस्थाचं तोंड उघडं, हात हवेत, जाळीवर बोट.

"पंखा," श्वासभाऊ दातओठ खात म्हणाला. "पंखा म्हण, बाबा, पंखा म्हण!"

पडदा सुटला. "…आणि हा स्पीकर."

श्वासभाऊ मटकन बसला. एवढा गाजवलेला त्याचा पंखा, आणि निघाला साधा स्पीकर! वजन कमी होईल म्हणाला होता, ते वाढलं होतं. पक्ष्यांसाठी एक खास बटण सांगितलं होतं, ते कुठेच नव्हतं. शटरचा अंदाज तेवढा जमला. गृहस्थाने आभार मानले, संगीत वाजलं, कार्यक्रम संपला. मागच्या छिद्राबद्दल तो चकार शब्द बोलला नाही.

"सहा," बायको म्हणाली. "दहापैकी सहा. पहिला वर्ग."

गटात बघितलं तर पंडिताचेही सहाच. आणि समान गुण झाले तर पाटी जुन्याकडेच राहते, असा नियम. पंडिताने लगेच लिहिलं होतं, 'पंखेवाले आणि बोलक्या फोटोवाले, पुढच्या वेळी या.'

"जाऊ दे हो," सासूबाई म्हणाल्या. "मजा आली."

पण बायको अजून उठली नव्हती. कंपनीने माहितीचा लांबलचक तक्ता टाकला होता, पाच पानांचा, आणि गणिताच्या बाईंना शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे. वर्गात हजेरी घ्यावी तशा एका सुरात ती वाचत होती. "रुंदी, उंची, खोली. कामाचं तापमान. आर्द्रता. तिपाईचा आटा. तारीख-वेळ. आवाजी टिपण, छायाचित्रामागे तीस सेकंदांपर्यंत. भाषा, एकवीस. डब्यातल्या वस्तू…"

ती थांबली. तिघंही थांबले.

"भाषेच्या आधीची ओळ," श्वासभाऊ म्हणाला. "ती ओळ वाच."

"आवाजी टिपण," बायकोने वाचलं. आता तिचा एक सूर राहिला नव्हता. "मायक्रोफोन मागील बाजूस. आई! अगं आई, मागील बाजूस!"

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. श्वासभाऊ ओरडत गॅलरीत गेला आणि ओरडत परत आला. बायकोने लाल पेनाने एवढी मोठी खूण केली की कागद फाटला. सासूबाईंनी चष्मा मागितला, ती ओळ तीन वेळा बोट ठेवून वाचली आणि म्हणाल्या, "तीसच सेकंद? मेले कंजूष!" आणि मग त्यांना हसू आलं ते थांबेचना. पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी आलं, खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या आणि काही न कळताच हसायला लागल्या.

गटात सात गुणांची नोंद झाली. पंडिताने विचारलं, 'एक्सरे, खरं सांग. कंपनीत कोणी आहे का तुझं?'

श्वासभाऊने लिहिलं, 'कंपनीत नाही, घरात आहे. पाटी माझ्या नावाला लावू नका. सासूबाई आजच गटात येतायत, त्यांच्या नावाला लावा.'

आणि लागली. पंडित काही वाईट माणूस नव्हता; त्यानेच पहिलं अभिनंदन केलं आणि सोमवारी सकाळी सासूबाईंना अदबीने विचारलं, की त्या दुसऱ्या कंपनीबद्दल आपलं काय मत आहे?

सहा आठवड्यांनी तो कॅमेरा गावातल्या दुकानात आला. तिघं रविवारी सकाळी गेले, नुसते बघायला. काउंटरवर साखळीने बांधून ठेवला होता. श्वासभाऊने तो हातात घेतला, जड लागला, फार छान लागला. आणि मग त्याने तो सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी जावयाचा एक फोटो काढला. मग कॅमेरा खाली घेतला, बटणांवरून बोट फिरवलं, एक दाबून धरलं आणि अंगठ्याखालच्या छिद्रापाशी तोंड नेऊन ठणठणीत आवाजात बोलल्या, "हे माझे जावई. रविवार, सकाळचे अकरा. डोळे मिटलेत, पण माणूस चांगला आहे."

काउंटरमागचा विक्रेता बघतच राहिला. "हे असं करता येतं यात?"

"तुम्हाला नाही सांगितलं?" सासूबाईंनी त्याला बटण दाखवलं. दाबून कसं धरायचं, कधी सोडायचं, परत कसं ऐकायचं. त्याने ऐकलं, मोठ्याने. दुकानातली चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मग ती चारही काउंटरपाशी आली, आणि सासूबाईंनी त्यांनाही सगळं पहिल्यापासून समजावलं.

"आजी," विक्रेत्याने विचारलं, "तुम्ही कंपनीकडून आलाय का?"

"नाही हो. मी यांची सासू."

तासाभराने बायकोने दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. कॅमेरा घेतला नाही, घ्यायचा विषयही निघाला नाही. पण विक्रेत्याने तो फोटो पुसलाच नाही. पुढचे कित्येक आठवडे त्या दुकानात जो कोणी नवा कॅमेरा बघायला मागायचा, त्याला तो पहिल्यांदा श्वासभाऊचे मिटलेले डोळे दाखवायचा आणि बटण दाबायचा. मग सगळ्या दुकानात आवाज घुमायचा, की डोळे मिटलेत, पण माणूस चांगला आहे. हॉस्पिटलमध्ये एकदा एक पेशंट छाती लावता लावता थांबला, वळून श्वासभाऊकडे नीट निरखून बघायला लागला आणि म्हणाला, "अहो, तुम्ही त्या कॅमेऱ्यातले जावई ना?"

"हो," श्वासभाऊ म्हणाला, आणि त्याला इतकं हसू आलं की धाप लागली. "तोच मी. आता वळा पुढे. आणि जरा थांबा, आधी मलाच श्वास घेऊ द्या."